नकलकाराला माणूस मानणारा इतिहासकार: दिमित्री लिखाचोव

केतकी_वन

१९३० साली सोलोवेत्स्की बेटांवरच्या कैद्यांच्या छावणीतून निघणाऱ्या मासिकात एक लेख छापून आला. विषय होता, गुन्हेगार कैद्यांचे पत्त्यांचे डाव. लेखक तेवीस वर्षांचा, लेनिनग्राड विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेला आणि स्वतःही तिथे कैदीच. दिमित्री सेर्गेयेविच लिखाचोव यांच्या संशोधनाची सुरुवात या लेखापासून धरतात. पुढे मध्ययुगीन रशियन संस्कृतीच्या अभ्यासात विसाव्या शतकातलं सर्वांत मोठं नाव त्यांचं झालं. त्यांच्यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

जन्म १९०६, सेंट पीटर्सबर्ग (पुढचं लेनिनग्राड). वडील वीज अभियंता, छापखान्यात नोकरीला, त्यामुळे लहानपण कागद आणि शाईच्या वासात गेलं. १९२३ ते १९२८ विद्यापीठात एकाच वेळी दोन शाखा केल्या, पश्चिम युरोपीय आणि स्लाव्ह. प्रबंधही दोन लिहिले. एक रशियातल्या शेक्सपिअरवर, दुसरा सतराव्या शतकातल्या धर्मगुरू निकोनविषयीच्या कथांवर. त्या काळात विद्यार्थ्यांचं एक हौशी मंडळ होतं, ‘वैश्विक विज्ञान अकादमी’ असं भारदस्त नाव घेतलेलं. तिथे लिखाचोव यांनी क्रांतीनंतर रद्द झालेल्या जुन्या रशियन लेखनपद्धतीची बाजू घेणारा निबंध वाचला. फेब्रुवारी १९२८ मध्ये अटक, आणि प्रतिक्रांतिकारक म्हणून पाच वर्षांची शिक्षा.

सोलोव्कीवर, म्हणजे सोलोवेत्स्की बेटांवर, त्यांना काही काळ गुन्हेगारीच्या अभ्यासासाठी काढलेल्या कचेरीत काम मिळालं. अनाथ, रस्त्यावर वाढलेली, चोऱ्या करून पकडली गेलेली पोरं गोळा करायची, त्यांच्यासाठी निराळी वसाहत उभी राहावी म्हणून खटपट करायची आणि त्यांच्या कहाण्या लिहून घ्यायच्या. पत्त्यांवरचा लेख याच काळातला. पुढे १९३५ मध्ये चोरांच्या बोलीवरही त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर १९२९ च्या अखेरीस एका रात्री छावणीत मोठ्या संख्येने कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. आपल्यालाही न्यायला माणसं आली होती हे कळल्यावर लिखाचोव लाकडांच्या रचलेल्या ढिगाआड लपून राहिले. आकडा पुरा करायला आपल्या जागी दुसरं कुणीतरी गेलं, हे त्यांच्या मनातून कधीच गेलं नाही. आठवणींमध्ये ते म्हणतात की त्या दिवसापासून आपल्याला दोघांचं जगायचं होतं.

१९३२ मध्ये मुदतीआधी सुटका झाली, पण शिक्षा भोगलेल्या माणसाला विद्यापीठाचं दार बंद. मग मुद्रितशोधकाची नोकरी, आणि अखेर विज्ञान अकादमीच्या प्रकाशनगृहात मुद्रितं तपासणं. मला वाटतं, त्यांच्या कारकिर्दीतली कळीची वर्षं हीच. अलेक्सेय शाखमातोव हे रशियन इतिवृत्तांचे आद्य संशोधक १९२० मध्ये वारले होते, आणि त्यांचा चौदाव्या ते सोळाव्या शतकांतल्या इतिवृत्तांवरचा ग्रंथ मागे राहिला होता. तो १९३८ मध्ये छापला गेला, आणि त्याची मुद्रितं लिखाचोव यांच्या टेबलावर आली. एकेक संदर्भ ताडून पाहताना ते या विषयात शिरले. त्याच वर्षी पुश्किन भवनात, म्हणजे अकादमीच्या रशियन साहित्य संस्थेत, प्राचीन साहित्याच्या विभागात रुजू झाले. तिथून ते १९९९ मध्ये मृत्यूपर्यंत हलले नाहीत.

१९४१ मध्ये बाराव्या शतकातल्या नोवगोरोदच्या इतिवृत्तांवर पहिली संशोधन पदवी. आणि लगेच लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा. त्या हिवाळ्यात लिखाचोव कुटुंब लेनिनग्राडमध्येच होतं. १९४२ च्या मार्चमध्ये वडील गेले. पाच वर्षांच्याही नसलेल्या जुळ्या मुली कशाबशा वाचल्या. त्या उपासमारीतच मारिया तिखानोव्हा यांच्यासोबत त्यांनी जुन्या रशियन शहरांनी शत्रूच्या वेढ्यांना कसं तोंड दिलं यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. ते १९४२ मध्येच छापलं गेलं आणि आघाडीवरच्या सैनिकांच्या हातात पोहोचलं.

पुढचा आलेख ठाऊक असलेल्यांना ठाऊक आहेच. १९४७ मध्ये डॉक्टरेट, १९५० मध्ये ‘गतवर्षांची कथा’ या आद्य इतिवृत्ताची सटीप आवृत्ती, १९५४ पासून विभागप्रमुख, १९७० मध्ये अकादमीचे पूर्ण सदस्य. मला थांबायचं आहे ते १९५८ आणि १९६२ च्या दोन ग्रंथांपाशी. पहिला प्राचीन रशियन साहित्यातल्या माणसाच्या चित्रणावर. कोणत्या शतकात लेखकाला माणसात काय दिसत होतं? अकराव्या-बाराव्या शतकातला राजपुत्र फक्त पदाला शोभेल असाच का वागतो, आणि सतराव्या शतकात येईतो साधा, चुकणारा, नशिबाने गांजलेला माणूस गोष्टीत कसा शिरतो? दुसरा ग्रंथ ‘पाठचिकित्सा’.

एकाच ग्रंथाच्या चाळीस पोथ्या हाती आल्या तर जुनी रीत अशी: समान चुका शोधायच्या, चुकांवरून पोथ्यांची वंशावळ लावायची, नंतरची भर खरवडून काढायची आणि मूळ पाठ गाठायचा. लिखाचोव यांचं म्हणणं, ही नंतरची भर हाच इतिहास आहे. नक्कल करणारा मठवासी यंत्र नव्हता. तो कुणाच्या तरी दरबारात होता, त्याला कुणाचा तरी राग होता, त्याला एखादा प्रसंग लाजिरवाणा वाटला म्हणून त्याने गाळला, एखाद्या राजपुत्राचं नाव पुढे आणलं. चूक हाताची आहे असं म्हणण्याआधी, बदल हेतूने केला असेल का, हे आधी तपासा. पाठचिकित्सेचं काम पाठाचा सगळा इतिहास सांगणं, मूळ पाठ हा त्यातला एक टप्पा.

बेटावर चोरांची बोली टिपणारा तरुण आणि नकलकाराच्या खाडाखोडीत हेतू शोधणारा अकादमीसदस्य यांच्यात मला अंतर दिसत नाही. ज्यांच्याकडे इतरांनी गर्दीचा भाग म्हणून पाहिलं त्या प्रत्येकाचं स्वतःचं म्हणणं असतं, हे त्यांनी छावणीत जवळून पाहिलं होतं. त्यांची विद्वत्ता त्यांच्या आयुष्यापासून तोडून वाचली तर निम्मी कळते, असं माझं ठाम मत आहे.

सरकारशी संबंध कायम अवघडच राहिले. १९५२ मध्ये सांस्कृतिक इतिहासाच्या सामूहिक ग्रंथातल्या कामासाठी स्तालिन पारितोषिक मिळालं, आणि सत्तरच्या दशकात सरकारविरोधी शास्त्रज्ञ साखारोव यांच्या निषेधाच्या पत्रावर सही करायला त्यांनी नकार दिला. १९७५ मध्ये राहत्या इमारतीच्या जिन्यात त्यांना मारहाण झाली, पुढच्या वर्षी घराला आग लावण्याचा प्रयत्न झाला. हल्लेखोर सापडले नाहीत. लिखाचोव यांनी स्वतः या घटनांचा संबंध त्या नकाराशी आणि सोलोव्कीविषयी, छावण्यांवर लिहिणारे लेखक सोल्झेनित्सिन यांना दिलेल्या माहितीशी लावला होता.

गोर्बाचोव काळात ते सोव्हिएत संस्कृती निधीचे अध्यक्ष झाले, तो भाग प्रतिसादांत घेऊ.

तिसरा_प्रहर

सुंदर लिहिलंय केतकीताई. दोन शंका. इतिवृत्त म्हणजे आपल्या बखरीसारखं काही का? आणि हे गृहस्थ नक्की इतिहासकार की साहित्याचे अभ्यासक? पुश्किन भवन तर साहित्याची संस्था.

केतकी_वन

धन्यवाद. बखरीपेक्षा जेधे शकावली डोळ्यांपुढे आणा. ‘अमुक साली’ म्हणून नोंद सुरू होते: कोण गादीवर बसला, कुठे आग लागली, कधी दुष्काळ पडला, कोणतं चर्च बांधलं. काही सालांपुढे नुसताच आकडा असतो. पण शकावली आटोपशीर असते, आणि ही इतिवृत्तं शतकानुशतकं वाढत जातात. मधेच एखादा पूर्ण तह, संताचं चरित्र, लढाईचं लांबलचक वर्णन, परदेशाचा प्रवास, सगळं त्या त्या सालाखाली घातलेलं. प्रत्येक नवा संकलक आधीची इतिवृत्तं पुढ्यात घेऊन बसतो, जोडतो, कापतो, आपल्या शहराला सोयीचं करतो. म्हणून एक इतिवृत्त म्हणजे एका लेखकाचं पुस्तक नव्हे, तो थरांचा साठा असतो.

दुसऱ्या शंकेबद्दल. नोकरी साहित्याच्या संस्थेत, पदवी भाषा-साहित्याची. पण आंद्रेय रुब्लेवच्या काळाची चित्रकला, संतचरित्रांची अलंकारिक शैली आणि बाल्कन प्रदेशातून आलेले मठवासी हे एकाच पुस्तकात मांडणाऱ्याला मी संस्कृतीचा इतिहासकारच म्हणेन. चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या या बहराला त्यांनी ‘पूर्व-प्रबोधन’ म्हटलं. रशियात प्रबोधन येऊ घातलं होतं, पण नगरांचं स्वातंत्र्य मोडलं आणि ते अर्ध्यावर राहिलं, अशी मांडणी. ती सगळ्यांना पटली नाही. मलाही ती युरोपच्या मापाने रशिया मोजल्यासारखी वाटते. १९८२ मध्ये त्यांनी बागांच्या काव्यावर पुस्तक लिहिलं. झाडांची रचना, वाटांची वळणं, कोणत्या काळाला सरळ रेघ आवडली आणि कोणत्या काळाला पडझड झालेले अवशेष. हे साहित्य म्हणायचं की इतिहास?

मोडीवाचक

पाठचिकित्सेच्या परिच्छेदाने फार विचारात पाडलं. भांडारकर संस्थेतली महाभारताची चिकित्सक आवृत्ती डोळ्यांपुढे आली. सुकथनकर बर्लिनमध्ये शिकून आलेले, पोथ्यांची वंशावळ लावण्याची जर्मन शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. पण महाभारताला ती जशीच्या तशी लागू होणार नाही, हे त्यांनी १९३३ च्या प्रस्तावनेतच सांगितलं होतं. मूळ एक प्रत होती आणि बाकीच्या तिच्या नकला, असं सरळ चित्र इथे नाही. म्हणून त्यांनी मिळू शकेल तितका जुना पाठ वर घेतला आणि बाकी सगळे पाठभेद खाली टीपांत, परिशिष्टांत जपले.

लिखाचोव असते तर त्या तळटीपांनाच मुख्य मजकूर म्हणाले असते, असं तुमच्या लेखावरून वाटलं. आणि मोडी कागद वाचणारा म्हणून सांगतो, हे अनुभवाला पटतं. एकाच वतनाच्या कागदाच्या दोन नकलांत एक नाव कमी असतं. आपण पटकन म्हणतो, लिहिणाऱ्याची नजरचूक. पण ते नाव ज्या भावाचं, त्याच्याशीच पुढे तंटा झालेला दुसऱ्या कागदात दिसतो. मग ती नजरचूक उरत नाही.

एक विचारायचं होतं. शाखमातोव यांच्यापेक्षा लिखाचोव यांनी नवं काय केलं? शाखमातोवही इतिवृत्तांच्या मागे राजकारण पाहत होतेच ना?

केतकी_वन

बरोबर, आणि लिखाचोव ते ऋण कधी नाकारत नाहीत. शाखमातोव यांचा १९०८ चा ग्रंथ म्हणजे जुन्या इतिवृत्तामागे आणखी जुनी, आज न उरलेली इतिवृत्तं कशी होती याची जवळजवळ गणिती मांडणी. लिखाचोव यांनी त्यात दोन गोष्टी जोडल्या. एक, इतिवृत्तकाराची कला. तो फक्त राजकीय हेतूने कापाकापी करत नाही, त्याला ऐकलेल्या लोककथा आवडतात, राजपुत्रांची सभेतली बोलणी तो जशी कानावर आली तशी लिहितो. दोन, हीच पद्धत इतिवृत्तांबाहेर, संतचरित्रांना, कथांना, उपदेशपर लेखनाला लावता येईल असं सर्वसाधारण शास्त्र.

आणि हे एकट्याचं काम नव्हतं, हेही नोंदवते. त्यांच्याआधी विभाग सांभाळणाऱ्या वर्वारा आद्रियानोव्हा-पेरेत्स यांनी शिक्षा भोगून आलेल्या या मुद्रितशोधकाला संधी दिली. सहकारी व्लादिमीर मालिशेव उत्तरेकडच्या पेचोरा नदीकाठची जुन्या पंथाच्या, म्हणजे चर्चमधल्या सुधारणा न मानणाऱ्या लोकांची गावं पालथी घालत, घराघरांतून हस्तलिखितं मिळवत. १९४९ पासून त्यांतून पुश्किन भवनाचं हस्तलिखितांचं स्वतंत्र भांडार उभं राहिलं. मालिशेव नसते तर लिखाचोव यांच्या विद्यार्थ्यांना काम करायला पोथ्या कुठून मिळत्या? तिथल्या थोरांच्या यादीत मालिशेव यांचं नाव नेहमी मागे पडतं, याचं वाईट वाटतं.

जुन्नरचा_माधव

‘परदेशाचा प्रवास त्या सालाखाली घातलेला’ हे वाचलं आणि राहवेना. तो प्रवास आमच्या गावचा आहे!

अफनासी निकितिन, त्वेरचा व्यापारी, पंधराव्या शतकात एक घोडा घेऊन समुद्रमार्गे चौलला उतरला. तिथून पाली, उम्री करत जुन्नरला आला. पावसाळा इथेच काढला. त्या चिखलपाण्याच्या महिन्यांना तो हिवाळा म्हणतो, कारण त्याच्याकडे घरात अडकून पडायचा ऋतू तोच. जुन्नरचं वर्णन असं की गाव दगडी बेटावर आहे, कुणी बांधलेलं नाही, देवानेच घडवलेलं. वर चढायला दिवस जातो आणि वाट इतकी अरुंद की दोघं शेजारून जाऊ शकत नाहीत. शिवनेरीच्या जुन्या वाटा चढलेल्या माणसाला हे वाचताना काय वाटतं ते सांगता येत नाही.

इथेच असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो, नाहीतर दोन्ही जातील, असं सांगून चार दिवसांची मुदत दिली. खोरासानच्या एका ख्वाजा मोहम्मदाने मध्यस्थी केली आणि घोडा सुटला. शेवटी तो विकला गेला बिदरकडे. चौलजवळ रेवदंड्याला निकितिनचं स्मारक आहे, अलिबागला जाणाऱ्यांनी जरूर थांबावं.

लिखाचोव यांचा या प्रवासवर्णनाशी काही संबंध होता का?

केतकी_वन

होता, आणि थेट. अकादमीच्या ‘साहित्यिक स्मारके’ या ग्रंथमालेचं पहिलं पुस्तकच निकितिनचा प्रवास, १९४८ साली. लिखाचोव १९७१ पासून पुढे बरीच वर्षं त्या मालेच्या संपादक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९८६ मध्ये, निकितिनची नवी आवृत्ती निघाली. तयार करणाऱ्यांत याकोव लुरिये होते, इतिवृत्तांचे जाणकार आणि पुश्किन भवनाच्या त्याच विभागात घडलेले. या आवृत्तीत प्रवासाची सालंही नव्याने तपासली गेली. आधी निकितिन १४६९ च्या सुमारास भारतात आला असं धरत. नव्या मांडणीत तो काळ १४७१ ते १४७४ असा पुढे सरकला. जुनी मराठी पुस्तकं पहिलंच साल देतात, ते लक्षात ठेवून वाचावं.

आता गंमत बघा. निकितिन घरी पोहोचलाच नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोत महाराजपुत्राच्या दप्तरातला अधिकारी वसिली मामिरेव याच्याकडे पोहोचवल्या, आणि मजकूर इतिवृत्तात १४७५ सालाखाली आला. तो तिथे घालणारा इतिवृत्तकार सांगतो की हा माणूस नक्की केव्हा निघाला याची आपण चौकशी केली. निकितिन ज्या दूताच्या सोबतीने निघणार होता त्याच्या प्रवासाचं साल त्याने विचारून काढलं आणि तेही लिहून ठेवलं. नुसती नक्कल करायची असती तर त्याला ही यातायात करायचं कारण नव्हतं. लिखाचोव ज्या माणसाला शोधत होते तो हा. जुन्नरचं ते वर्णन आपल्यापर्यंत आलं ते या अनामिकाच्या कुतूहलामुळे.

जुन्नरचा_माधव

हे माहीत नव्हतं. मनापासून आभार. आमच्या इथल्या वाचनालयात यावर बोलायला हवं.

नेवा८७

मी ऐंशीच्या दशकात लेनिनग्राडला अभियांत्रिकी शिकायला होतो. आमच्या वसतिगृहात रशियन मुलं लिखाचोव यांचं नाव घेत ते प्राचीन साहित्यामुळे नव्हे, दूरचित्रवाणीमुळे. १९८६ मध्ये त्यांच्याशी प्रेक्षकांच्या गप्पांचा एक मोठा कार्यक्रम झाला होता. ऐंशीच्या घरातला कृश म्हातारा, आवाज हळू, घोषणा एक नाही. क्रांतीपूर्व पीटर्सबर्गची रशियन भाषा त्यांच्या तोंडून ऐकायला मिळते म्हणून आमच्या शिक्षिका आम्हाला मुद्दाम बसवत.

फेब्रुवारी १९८८ मध्ये विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाला आग लागली. सुमारे चार लाख पुस्तकं गेली, आणि आग विझवण्याच्या पाण्याने भिजलेली त्याहून कितीतरी जास्त. नंतर शहरातल्या लोकांनी ओली पुस्तकं घरी नेली, पानं सुटी करून वाळवली आणि परत आणून दिली. आमच्या मजल्यावरच्या मुलीही आणत. नुकसान किरकोळ आहे असं दाखवण्याचा प्रयत्न होत असताना लिखाचोव यांनी हा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. तोपर्यंत ते संस्कृती निधीचे अध्यक्ष होते, पण माझ्या मित्रांच्या लेखी त्यांचा शब्द पदामुळे नव्हता. सोलोव्कीवर राहून आलेला माणूस बोलतोय, असं ते म्हणायचे. त्याच वर्षी सोलोव्कीवर माहितीपट आला आणि त्यात त्यांना बोलताना सगळ्यांनी पाहिलं. साठ वर्षं दडवलेली गोष्ट एका अकादमीसदस्याच्या तोंडून.

१९९१ च्या ऑगस्टमधल्या, गोर्बाचोव यांच्याविरुद्धच्या उठावाच्या वेळी मी भारतात परतलो होतो. ते राजवाड्याच्या चौकात सभेपुढे बोलले, हे नंतर मित्राच्या पत्रातून कळलं. तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

केतकी_वन

फार मोलाचा प्रतिसाद. यात एक भर घालते. शहराविषयीची त्यांची ही लढाई गोर्बाचोव यांच्या किती तरी आधीची. नेव्हस्की रस्त्यावरच्या जुन्या इमारतींचे तळमजले फोडून सलग काचेची दुकानं करण्याची योजना असो की शहराजवळच्या त्सारस्कोये सेलोच्या उद्यानातली जुनी झाडं तोडण्याचा बेत, ते विरोधात उभे राहिले, आणि तेव्हा अशा विरोधाला किंमत मोजावी लागे. १९७९ मध्ये त्यांनी ‘संस्कृतीचं पर्यावरण’ ही कल्पना मांडली. निसर्ग जखमी झाला तर काही प्रमाणात स्वतः भरून येतो. पाडलेली वास्तू आणि जळलेलं हस्तलिखित पुन्हा येत नाही, कारण ते ठराविक काळाच्या ठराविक माणसांशी बांधलेलं असतं. हे मला पाठचिकित्सेचंच पुढचं पाऊल वाटतं. पोथीवरचा प्रत्येक थर जपायचा, आणि शहरावरचाही.

उलटतपासणी

धागा चांगला आहे, पण झिमिन प्रकरणावर अजून कुणीच बोललं नाही, आणि त्याशिवाय हे चित्र पुरं होत नाही.

थोडक्यात पार्श्वभूमी. ‘इगोरच्या स्वारीची गाथा’ ११८५ मधल्या एका फसलेल्या मोहिमेवरचं काव्य. एकमेव हस्तलिखित अठराव्या शतकाच्या शेवटी मुसिन-पुश्किन यांच्या संग्रहात मिळालं, १८०० मध्ये छापलं गेलं आणि १८१२ च्या मॉस्कोच्या आगीत जळालं. साहजिकच ते खरं की बनावट हा वाद आला. १९६३ मध्ये इतिहासकार अलेक्सांद्र झिमिन यांनी थेट पुश्किन भवनात मांडलं की हे अठराव्या शतकातल्या एका धर्मपंडिताचं लेखन आहे. १९६४ मध्ये त्यावर चर्चा झाली ती बंद दाराआड. ग्रंथाच्या शंभरच्या आसपास प्रती काढल्या, निमंत्रितांना दिल्या आणि परत घेतल्या. पूर्ण ग्रंथ छापला गेला २००६ मध्ये. झिमिन १९८० मध्येच वारले होते.

लिखाचोव हे झिमिन यांच्या विरोधकांतलं सर्वांत वजनदार नाव. १९५० मध्ये त्यांनीच गाथेची आवृत्ती काढलेली. ज्या माणसाने नकलकाराचाही आवाज ऐकायला शिकवलं, त्याच्या डोळ्यांदेखत एका सहकाऱ्याचा आवाज कुलूपबंद झाला. हा प्रश्न आदराने पण सरळ विचारायला हवा.

केतकी_वन

प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही.

चर्चा बंद ठेवण्याचा निर्णय अकादमीच्या इतिहास विभागाच्या पातळीवरचा, म्हणजे यंत्रणेचा. पुढे झिमिन यांच्या मांडणीचे काही भाग लेखांच्या रूपाने आले, पण ग्रंथ नाही. लिखाचोव यांनी झिमिन यांचा मुद्दा मुद्द्याने खोडला: गाथा आणि चौदाव्या शतकातल्या कुलिकोवोच्या लढाईवरची रचना ‘झादोनश्चिना’ यांत कोण कुणाचं ऋणी, हा वादाचा गाभा, आणि त्यांच्या युक्तिवादाचं वजन आजही मान्य होतं. पण प्रतिपक्षाचं पुस्तक वाचकाच्या हाती नसताना जिंकलेला वाद अर्धाच जिंकलेला असतो. त्यांची प्रतिष्ठा पाहता त्यांनी ग्रंथ छापा म्हणून उघड आग्रह धरायला हवा होता, असं मला वाटतं. तसं केल्याने त्यांचीच बाजू बळकट झाली असती.

शेवटी निकाल आला तो तिसऱ्याच दिशेने. आंद्रेय झालिझन्याक या भाषावैज्ञानिकाने २००४ मध्ये गाथेतल्या निराघात अव्ययांचा, म्हणजे स्वतःचा आघात नसलेल्या छोट्या शब्दांचा क्रम तपासला. तो बाराव्या शतकाच्या बोलीच्या नियमांशी जुळतो. ते नियम नीट कळले नोवगोरोदच्या उत्खननात १९५१ पासून मिळत गेलेल्या भूर्जपत्रांवरून, आणि अठराव्या शतकातल्या कुणाही बनावटकाराला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. लिखाचोव बरोबर ठरले. पण हा पुरावा पाहायला ते नव्हते, आणि झिमिनही नव्हते.

उलटतपासणी

या उत्तराबद्दल आभार. झालिझन्याक यांनी झिमिन यांच्याबद्दल आदरानेच लिहिलं, हेही खरं.

तिसरा_प्रहर

आजच्या युद्धाच्या पार्श्वभूमीवर एक विचारतो. कीवचं जुनं राज्य रशियन की युक्रेनी? लिखाचोव यांची बाजू कुठली?

केतकी_वन

त्यांच्या लेखी प्राचीन ‘रूस’ हा रशियन, युक्रेनी आणि बेलारुशी तिघांचा सामाईक वारसा. सोव्हिएत काळातली ही रूढ मांडणी होती आणि ते तिच्याच चौकटीत वाढले. युक्रेनी इतिहासकार तिला आज हरकत घेतात. सामाईक म्हणता म्हणता वारसा मॉस्कोच्या नावावर चढवला जातो, ही त्यांची तक्रार आहे, आणि ती मला बिनबुडाची वाटत नाही. लिखाचोव यांच्या बाजूने एवढं नक्की, की त्यांनी या वारशातून साम्राज्याचा हक्क कधी काढला नाही. रशियाला युरोपपासून तोडून निराळी आशियाई-युरोपीय जात ठरवणाऱ्यांशी त्यांचा वाद होता. त्यांच्या मते रूस घडला तो उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियाच्या आणि दक्षिणेकडच्या बायझँटियमच्या संपर्कातून, आणि त्यासाठी त्यांनी ‘स्कांडोबायझँटियम’ असा शब्द वापरला. राष्ट्रप्रेम आणि राष्ट्रवाद यांत ते स्पष्ट फरक करत: पहिल्यात आपल्यांवर प्रेम, दुसऱ्यात इतरांचा द्वेष.

सावरी

मूक वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितेय. रशियन येत नाही. इंग्रजीतून काय वाचावं? आणि मराठीत काही आहे का? लहानपणी लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातून आणलेली सोव्हिएत पुस्तकं घरात आहेत, पण त्यांत हे नाव नाही.

केतकी_वन

सावरी, स्वागत. त्यांच्या आठवणी इंग्रजीत आल्या आहेत, तिथूनच सुरुवात करा. सोलोव्की आणि वेढ्याची प्रकरणं जड आहेत, सलग वाचू नका. त्यांनी तरुणांना उद्देशून लिहिलेली छोटी पत्रं त्यानंतर घ्या. रशियात ती शाळकरी मुलंही वाचतात. ‘पाठचिकित्सा’ हे जाडजूड पुस्तक आहे, त्याच्या वाटेला लगेच जायची गरज नाही. इगोरच्या गाथेचे इंग्रजी अनुवाद भरपूर आहेत. मराठीत लिखाचोव यांचं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. इथे रशियन जाणणारे बरेच जण आहेत, त्यांतल्या कुणी निदान त्या पत्रांना हात घालावा. मी टीपा आणि संदर्भ तपासून द्यायला तयार आहे.

नेवा८७

पत्रांची रशियन प्रत माझ्याकडे आहे. पहिली चार-पाच पत्रं मी करून बघतो आणि इथेच टाकतो. मोडीवाचक, तुमची मराठी माझ्यापेक्षा चांगली आहे, तुम्ही हात फिरवाल का?

मोडीवाचक

जरूर. पाठवा.